गुहेत परत गेलेला माणूस

प्लेटोची गुहेची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ऐकलेली असते. पण बहुधा अर्धीच. बंदिवान सुटतो, वर येतो, सूर्य पाहतो आणि आपण तिथेच थांबतो. प्लेटो मात्र तिथे थांबत नाही. तो त्या माणसाला पुन्हा अंधारात पाठवतो. का पाठवतो, याचं उत्तर त्याच्या ग्रंथात आहे, तसंच त्याच्या आयुष्यातही आहे.

इ. स. पूर्व 427 च्या सुमारास अथेन्समधल्या एका खानदानी घराण्यात प्लेटोचा जन्म झाला. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं युद्ध तेव्हा पेटलेलं होतं. ते संपलं इ. स. पूर्व 404 मध्ये, अथेन्सच्या पराभवाने. म्हणजे या मुलाचं बालपण आणि तारुण्य युद्धातच गेलं. पराभवानंतर स्पार्टाच्या पाठबळावर तीस जणांच्या टोळीने सत्ता बळकावली. तिचा म्होरक्या क्रिटिआस हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. सख्खा मामा खार्मिडीसही त्या कारभारात सामील. तरुण प्लेटोला राजकारणाची दारं सताड उघडी होती. पण या आप्तांनी वर्षभरात माणसं मारण्याचा आणि मालमत्ता लुटण्याचा जो सपाटा लावला, तो पाहून त्याने पाऊल मागे घेतलं.

मग लोकशाही परत आली आणि इ. स. पूर्व 399 मध्ये त्याच लोकशाहीत त्याच्या गुरूवर, सॉक्रेटिसवर खटला उभा राहिला. नगरीचे देव मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो, हे आरोप. सुमारे 500 नागरिकांच्या न्यायसभेने त्याला मृत्युदंड दिला. प्लेटो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा असेल. खटल्याला तो हजर होता; सॉक्रेटिसने विषाचा पेला घेतला त्या दिवशी मात्र तो आजारी होता, असं त्याच्याच लिखाणातून कळतं. वयाच्या सत्तरीतल्या एका म्हाताऱ्याला केवळ प्रश्न विचारण्यासाठी गाव मारून टाकतं, हे त्याने पाहिलं. पुढचं सगळं आयुष्य त्या घटनेच्या छायेत गेलं.

काही वर्षं तो अथेन्सबाहेर हिंडला. परतल्यावर, इ. स. पूर्व 387 च्या सुमारास, गावकुसाबाहेरच्या एका राईत त्याने अध्यापन सुरू केलं. अकादेमस नावाच्या पुराणवीराची ती राई, म्हणून ते विद्यापीठ झालं ‘अकादमी’. आज आपण गल्लोगल्ली हा शब्द पाट्यांवर वाचतो, तो तिथून आला. तिथे गणिताला फार मान होता. त्यामागचं कारण साधं आहे. पाटीवर काढलेलं वर्तुळ कितीही नेटकं असलं तरी कुठेतरी वाकडं असतंच. तरीही खरं वर्तुळ काय, हे आपल्याला कळतं. डोळ्यांनी कधीच न पाहिलेली गोष्ट बुद्धीला दिसते. इंद्रियं आपल्याला जे दाखवतात त्यापलीकडे अधिक खरं काही आहे, हा प्लेटोचा विश्वास.

इ. स. पूर्व 375 च्या आसपास लिहिलेल्या ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागाच्या आरंभी गुहेची गोष्ट येते. सांगणारा सॉक्रेटिस आणि ऐकणारा ग्लॉकन, म्हणजे प्लेटोचा सख्खा भाऊ. गुहेत माणसं लहानपणापासून जखडलेली आहेत, मानही वळवता येत नाही. पाठीमागे जाळ पेटलेला. मध्ये एक बुटकी भिंत आणि तिच्याआडून काही लोक माणसांचे, प्राण्यांचे पुतळे उंच धरून जा-ये करतात. समोर सावल्या पडतात. दुसरं काही पाहिलेलंच नाही, तेव्हा सावल्या हेच जग. कुठल्या सावलीमागून कुठली येणार हे अचूक सांगणाऱ्याला तिथे मानमरातबही मिळतो!

त्यातल्या एकाला सोडवतात. उजेडाने त्याचे डोळे दुखतात, त्याला परत फिरावंसं वाटतं. त्याला खडकाळ चढणीवरून अक्षरशः ओढत वर न्यावं लागतं. आधी सावल्या, मग पाण्यातली प्रतिबिंबं, मग वस्तू, मग रात्रीचे तारे आणि शेवटी सूर्य, अशी त्याची नजर हळूहळू स्थिरावते. खाली परतल्यावर अंधारात तो चाचपडतो, तेव्हा बाकीचे हसतात. आणि त्याने कुणाच्या बेड्या सोडवायला हात घातला, तर ते त्याला ठार मारतील. हे लिहिताना प्लेटोसमोर कोण होतं, हे वेगळं सांगायला नको.

पुढे ग्लॉकनला शंका येते, की वर सुखात असलेल्याला खाली ढकलणं हा अन्याय नाही का? यावर सॉक्रेटिस जे सांगतो, ते बँकेत उमेदीची वर्षं कर्जाच्या फायली हाताळलेल्या माझ्यासारख्याला चटकन पटतं. नगरीने तुम्हाला वाढवलं, शिकवलं. तुमची दृष्टी ही तुमची एकट्याची कमाई नाही. ते देणं आहे आणि ते गुहेत उतरूनच फेडायचं.

प्लेटोने ते फेडायचा प्रयत्न केला. सिसिलीतल्या सिराक्यूजला तो पूर्वी एकदा जाऊन आला होता. तिथल्या राजाचा तरुण मेहुणा दिऑन त्याचा शिष्य झाला होता. इ. स. पूर्व 367 मध्ये तो राजा वारला आणि नव्या राजाला घडवण्यासाठी दिऑनने गुरूला बोलावलं. साठीतला प्लेटो गेला. काही महिन्यांतच दिऑन हद्दपार झाला. इ. स. पूर्व 361 मध्ये तो पुन्हा गेला, तेव्हा राजा त्याला सोडेना. टॅरेंटमचा गणिती आणि राज्यकर्ता आर्किटास याने जहाज पाठवलं, तेव्हा सुटका झाली. दिऑनने पुढे बळाने सत्ता घेतली आणि इ. स. पूर्व 354 मध्ये त्याचा खून झाला.

हिशेब मांडला तर हे कर्ज बुडीत खात्यातच जमा होईल. शिवाय आपण सूर्य पाहिला असं सांगून सत्ता मागणारी माणसं किती घातक ठरतात, हे जगाने नंतर वारंवार अनुभवलं. प्लेटोलाही त्याची जाणीव झाली असावी. ‘लॉज’ या अखेरच्या मोठ्या ग्रंथात त्याचा भर ज्ञानी राजापेक्षा कायद्याच्या राज्यावर आहे.

पण त्याच 367 साली सतरा वर्षांचा एक मुलगा अकादमीत दाखल झाला होता. तो तिथे वीस वर्षं राहिला आणि पुढे गुरूचा मूळ सिद्धान्तच त्याने खोडून काढला. त्याचं नाव अॅरिस्टॉटल. सिराक्यूजच्या राजाला जे शिकवता आलं नाही, ते अथेन्सबाहेरच्या राईत रोज शिकवलं जात होतं. वयाच्या ऐंशीच्या सुमारास, इ. स. पूर्व 347 मध्ये, प्लेटो वारला, तेव्हा राई गजबजलेली होती आणि वाद चालू होते.