रूट कॅनालमधलं ‘ब्लीच’ आणि हेन्री डेकिन

रूट कॅनालच्या पहिल्या सिटिंगनंतर काही रुग्ण माझ्याकडे एक शंका घेऊन येतात. दाताच्या डॉक्टरांनी पिचकारीने जे पाणी सोडलं, त्याला कपड्यांच्या ब्लीचसारखा वास येत होता. ते चुकून तर नाही ना गेलं? चुकून नाही. ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच्याच जातीचं द्रावण. ते माणसाच्या जखमेत घालण्याजोगं ज्यांनी केलं, ते हेन्री डेकिन दंतवैद्य नव्हते आणि डॉक्टरही नव्हते.

डेकिन यांचा जन्म १२ मार्च १८८० रोजी लंडनचा. वाढले इंग्लंडमधल्याच लीड्स शहरात. तिथे तरुणपणी त्यांनी शहराच्या सरकारी तपासनिसाच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केली. थेंबाथेंबाने मोजून द्रावणाची ताकद काढायची सवय त्यांना तिथे लागली असावी. पुढे रसायनशास्त्राची पदवी, जर्मनीत हायडेलबर्गला कोसेल या शास्त्रज्ञांकडे काम आणि १९०५ साली न्यूयॉर्क. तिथे डॉ. ख्रिश्चन हर्टर यांच्या खासगी प्रयोगशाळेत ते शरीरातल्या रासायनिक क्रियांवर संशोधन करत राहिले. स्वभावाने लाजरे, गर्दीपासून लांब राहणारे.

मग १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. फ्रान्सच्या शेणखत घातलेल्या शेतांत खंदक होते, त्यामुळे सैनिकांच्या जखमांत माती आणि जंतू खोलवर जात. पेनिसिलिन यायला अजून बराच अवकाश होता. जखम सडली की हात किंवा पाय कापायचा, नाहीतर माणूस गमवायचा. नोबेल मिळालेले सर्जन अलेक्सी कॅरेल फ्रान्समध्ये काँपियेन्य इथे एक युद्ध-रुग्णालय चालवत होते. तिथे १९१५ मध्ये डेकिन रसायनतज्ज्ञ म्हणून रुजू झाले.

त्यांनी दोनशेहून अधिक जंतुनाशकं तपासली. कार्बोलिक ॲसिडसारखी जुनी औषधं जंतूंबरोबर जिवंत मांसही जाळत होती. हायपोक्लोराइट तेव्हाही नवं नव्हतं, पण बाजारातल्या द्रावणाची ताकद दर वेळी वेगळी असे आणि त्यातल्या क्षारामुळे जखमेची आग होई. डेकिन यांनी बोरिक ॲसिड घालून तो क्षार कमी केला आणि ताकद साधारण ०.५ टक्क्यावर पक्की केली. इतकंच. पण या ‘इतकंच’मध्ये सगळं आलं, कारण एकच रसायन एका ताकदीला औषध असतं आणि दुसऱ्या ताकदीला विष.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे द्रावण मांसाला, पूला लागलं की थोड्याच वेळात निकामी होतं. म्हणून कॅरेल यांनी जखमेत भोकं पाडलेल्या रबरी नळ्या ठेवल्या आणि दर दोन तासांनी ताजं द्रावण सोडायची पद्धत बसवली. डेकिन पुढे ‘अक्विटानिया’ या रुग्णालय-जहाजावरही गेले. तिथे समुद्राच्या पाण्यातून वीज सोडून जहाजावरच हायपोक्लोराइट तयार केलं गेलं. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांवर जे मीठ पिकतं, त्यातलाच हा क्लोरीन.

आता दाताकडे या. किडीने दातातली नस मेली की आतली पोकळी म्हणजे रक्तपुरवठा नसलेली एक सडकी जखमच असते. रक्त पोहोचत नाही तिथे गोळीही पोहोचत नाही. म्हणून केमिस्टकडून आणलेल्या अँटिबायोटिकच्या पाच दिवसांच्या कोर्सने दात बरा होत नाही. ठणका ओसरतो, जंतू आतच राहतात. गाल सुजला, ताप आला, गिळायला त्रास झाला तर अँटिबायोटिक लागतं, पण तेही दाताच्या उपचाराबरोबर, त्याऐवजी नाही.

दाताच्या मुळातल्या नळ्या केसासारख्या बारीक, वाकड्या, फाटे फुटलेल्या असतात. सुई सगळीकडे जात नाही. हायपोक्लोराइट जातं, जंतू मारतं आणि मेलेली नसही विरघळवतं. ग्रॉसमन या अमेरिकी दंतवैद्यांनी १९४१ मध्ये नस विरघळवण्याचा हा गुण तपासून दाखवला. डॉक्टर पुन्हा पुन्हा पिचकारी मारतात ते वेळकाढूपणा म्हणून नव्हे; ताजं द्रावण लागतं, डेकिन-कॅरेल यांच्या नळ्यांसारखंच. दातात ते ०.५ पासून ५ टक्क्यांच्या थोडं वरपर्यंत वापरतात. दोन सिटिंगच्या मध्ये बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याच्या निवळीतल्या द्रव्याची पेस्ट भरतात. ही १९२० मध्ये जर्मनीच्या हर्मन यांनी आणली. वरचं सिमेंट तात्पुरतं असतं. ठणका गेला म्हणून पुढची तारीख महिनोन्‌महिने टाळली तर ते झिजतं आणि लाळेबरोबर जंतू परत आत जातात.

काळजी कसली घ्यायची? ब्लीचची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. क्लोरहेक्सिडिन हा पर्याय आहे, मात्र तो नस विरघळवत नाही. दाताभोवती रबर डॅम लावतात का, हे विचारायला संकोच करू नका. त्याने द्रावण घशात जात नाही. पिचकारी सुरू असताना अचानक तीव्र कळ आली तर लगेच हात वर करा. क्वचित द्रावण मुळाच्या टोकाबाहेर जातं, गाल सुजतो, काळानिळा पडतो; त्याच वेळी कळलं तर उपचार सोपे जातात. आणि घरातल्या ब्लीचने गुळण्या? कधीही नाही.

युद्धानंतर डेकिन न्यूयॉर्कला आपल्या प्रयोगशाळेत परतले. त्याआधी १९१६ मध्ये त्यांनी हर्टर यांच्या विधवा पत्नी सुझन यांच्याशी विवाह केला होता आणि १९१७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं होतं. त्याच सुमारास सहकाऱ्याबरोबर त्यांनी सैनिकांचं पिण्याचं पाणी शुद्ध करणारी हॅलाझोनची गोळी काढली; पावसाळ्यात आपण पाण्यात टाकतो त्या क्लोरीनच्या गोळ्यांची ही थोरली बहीण. नंतरची वर्षं त्यांनी प्रथिनांवर आणि रक्तक्षयावरच्या यकृत-अर्कावर काम केलं. १० फेब्रुवारी १९५२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या स्कार्बरो इथे त्यांचं निधन झालं.