कारंज्याचं मौन

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आजचं वाचन : श्रीगुरुचरित्र, अध्याय ११.

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्यात, चौदाव्या शतकात, माधव आणि अंबा यांच्या पोटी नरहरी जन्मला. ॐकाराशिवाय तो काही बोलेचना. मूल मुकं आहे की काय, या काळजीने आई सात वर्षं झुरत राहिली. तेव्हा त्याने खुणेनेच तिला धीर दिला : मुंज झाली की बोलेन. मुंजीत आईने पहिली भिक्षा घातली आणि त्याच्या मुखातून ऋग्वेद उमटला!

हेच पुढे श्रीनृसिंह सरस्वती झाले. गाणगापुरात भक्तांची रीघ लागायची. महाराज रोज भीमा-अमरजा संगमावर अनुष्ठानाला जात आणि मठात परत येऊन प्रत्येकाचं दुःख ऐकून घेत.

मित्रांनो, मीटिंगा आणि नोटिफिकेशनच्या गोंगाटात मला हे फार मोलाचं वाटतं. कानात हेडफोन घालून घरच्यांना तोडणं म्हणजे मौन नव्हे. नरहरी बोलत नव्हता, पण आईचं दुःख त्याला कळत होतं.

उद्या सकाळी फोन हातात घेण्याआधी दहा मिनिटं नुसतं नाम घेऊया. आणि मग घरात कोणी काही सांगत असेल, तर ते नीट ऐकूया.

श्री गुरुदेव दत्त!