आडनाव बीथोव्हन, रक्त कुणाचे?

डिसेंबर १८१८. व्हिएन्नातील ज्या न्यायालयात केवळ सरदार-उमरावांचे दावे चालत, तेथे लुडविग व्हान बीथोव्हन साक्ष देत होता. धाकटा भाऊ १८१५ मध्ये निवर्तला होता आणि अल्पवयीन पुतण्या कार्लचा ताबा भावजयीकडे जाऊ नये, यासाठी बीथोव्हनने दावा लढवला होता. मुलाच्या शिक्षणाचा विषय निघाला, तेव्हा तो सरदार घराण्यातला असता तर उमरावांच्या विद्यालयात घातला असता, असे बीथोव्हन बोलून गेला. न्यायालयाने नेमका तोच धागा पकडून कुलीनतेचा पुरावा मागितला. तो त्याच्यापाशी नव्हता. नावातले ‘व्हान’ हे जर्मन ‘फोन’सारखे उमरावीचे चिन्ह नसून फ्लेमिश मुलखातली साधी रीत होती. खटला सामान्य नागरिकांच्या न्यायालयाकडे वर्ग झाला. पुढे १८२० मध्ये अपिलात ताबा मिळाला, पण हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला.

घराण्याचा अभिमान त्याला होता, तो आजोबांमुळे. आजोबांचे नावही लुडविगच. आजच्या बेल्जियममधील मेखेलेन येथे जन्मलेले हे गायक १७३३ मध्ये जर्मनीतील बॉन येथे आले आणि तेथील दरबाराचे संगीतप्रमुख झाले. नातवाचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० रोजी झाला आणि तो तीन वर्षांचा होताच आजोबा गेले. वडील योहान हेही दरबारी गायक, परंतु दारूच्या आहारी गेलेले. आई १७८७ मध्ये वारली आणि कोवळ्या वयातच घराचा भार लुडविगवर पडला. १७९२ मध्ये व्हिएन्ना गाठल्यावर काही वर्षांनी त्याने बॉनहून आजोबांचे तैलचित्र मागवून घेतले आणि ते अखेरपर्यंत जपले. वडिलांविषयी तो फारसे बोलत नसे.

पुढे बहिरेपण आले, तरी संगीत थांबले नाही. १८२४ मध्ये नववी सिंफनी सादर झाली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट त्याला ऐकू येत नव्हता. त्याच काळात त्याच्या जन्माविषयी एक आवई छापील कोशांतून फिरत होती. तो प्रशियाच्या राजाचा अनौरस पुत्र असल्याचे त्यांत म्हटले होते. बालमित्र वेगेलर याने ती खोडून काढण्याचा आग्रह धरला. बीथोव्हनने उत्तराला वर्षभर उशीर केला, पण डिसेंबर १८२६ मध्ये आपल्या आईवडिलांची, विशेषतः आईची, सचोटी जगापुढे मांडण्याची विनंती त्याने मित्रालाच केली. २६ मार्च १८२७ रोजी त्याचे निधन झाले.

चाहत्यांनी त्याच्या केसांच्या बटा आठवण म्हणून जपल्या होत्या. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शास्त्रज्ञांना मात्र हा मोह आवरत नाही. त्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या आठ बटांच्या तपासणीचे निष्कर्ष मार्च २०२३ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पाच बटा एकाच पुरुषाच्या निघाल्या. शिशाच्या विषबाधेचा तर्क ज्या प्रसिद्ध बटेवरून लढवला गेला होता, ती तर चक्क एका स्त्रीची होती. अस्सल बटांतून यकृतविकाराचा आनुवंशिक धोका आणि कावीळ-बीचा संसर्ग उघड झाला. बहिरेपणाचे कारण मात्र सापडले नाही.

वंशशोधासाठी डीएनए चाचण्या करणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांशी या डीएनएची तुलना करण्यात आली. ज्यांच्याशी तुकडे जुळले, त्यांचे पूर्वज प्रामुख्याने ऱ्हाइन नदीच्या परिसरातील होते. बीथोव्हनच्या ज्ञात पूर्वजांशी हे सुसंगतच होते. खरा धक्का पुढे होता.

‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसेच्या तसे जाते. आडनावही तसेच जाते. म्हणून दोहोंची वाट एकच असावी, अशी अपेक्षा असते. बेल्जियममध्ये याच आडनावाचे पाच पुरुष आहेत. कागदोपत्री वंशावळीनुसार त्यांचा आणि संगीतकाराचा पूर्वज एकच, आर्ट व्हान बीथोव्हन (१५३५-१६०९). या पाच जणांचे ‘वाय’ गुणसूत्र परस्परांशी जुळले. बीथोव्हनचे मात्र त्यांच्याशी जुळले नाही.

याचा अर्थ, साधारण १५७२ ते १७७० या काळात, सात पिढ्यांत कुठेतरी एक मूल विवाहबाह्य संबंधातून जन्मले आणि घराण्याचे नाव त्याला मिळाले. ही घटना कोणत्या पिढीत घडली, हे चाचणी सांगू शकत नाही. राजपुत्राच्या आवईलाही त्यातून आधार मिळत नाही. मात्र योहान यांच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळत नसल्याने काही अभ्यासकांचा संशय त्यांच्या जन्माकडे वळतो. तो खरा ठरल्यास, ज्या आजोबांचे तैलचित्र बीथोव्हनने आयुष्यभर जवळ बाळगले, ते रक्ताच्या नात्याने त्याचे आजोबा नव्हते.