थोर गायक शाल्यापिन

मुलांनो, फ्योदोर शाल्यापिन हे रशियाचे थोर ऑपेरा गायक होते. ऑपेरा म्हणजे गाण्यांतून सादर होणारे नाटक. १८७३ साली कझान शहरात एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते जोडे शिवण्याचे काम शिकले. पुढे तिफ्लिस शहरात उसातोव गुरुजींनी फी न घेता त्यांना गायन शिकवले. १९०१ साली त्यांनी इटलीतील मिलान शहर गाजवले. १९२२ साली त्यांनी रशिया सोडला. परदेशातील निराधार रशियन मुलांना त्यांनी पैशाची मदत केली. त्यामुळे सरकार रागावले आणि १९२७ साली त्यांचा किताब काढून घेतला. १९३८ साली पॅरिसमध्ये ते वारले. १९९१ साली तो किताब त्यांना परत देण्यात आला. आता तुम्हीच सांगा, किताब मोठा की मदत?