देव-इतिहासाला गर्दी, शेतकऱ्याच्या कथेला पाठ! बाबुराव पेंटर यांनी तरीही हट्ट सोडला नाही

कोणता सिनेमा चालतो आणि कोणता पडतो, हे कोडं आजचं नाही. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका मिस्त्रीच्या पोरानं ते स्वतःच्या खिशाला झळ सोसून अनुभवलं होतं. बाबुराव कृष्णराव मिस्त्री असं त्यांचं नाव. जग त्यांना बाबुराव पेंटर म्हणून ओळखतं.

जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. चित्रकला, शिल्पकला कुठल्या शाळेत शिकले नाहीत. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमा पाहिला आणि दोघांना वेड लागलं. पण १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी दामले यांना हाताशी धरून स्वदेशी कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० मध्ये 'सैरंध्री' आला. महाभारतातली कीचकवधाची गोष्ट, त्यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केलेल्या. तेव्हा ही मोठी हिंमत होती. लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. १९२३ मध्ये 'सिंहगड' आला. तानाजी-शेलारमामांचा पराक्रम बघायला इतकी झुंबड उडाली की, सिनेमावर करमणूक कर बसवायची कल्पना सरकारला त्या गर्दीवरूनच सुचली, असं सांगितलं जातं.

म्हणजे गणित सरळ होतं. देवादिकांची गोष्ट करा नाहीतर शिवरायांच्या मावळ्यांची, गल्ला भरतो.

पण १९२५ मध्ये बाबुरावांनी वेगळी वाट धरली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर 'सावकारी पाश' काढला. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि पोराला गाव सोडून शहरात गिरणी कामगार व्हावं लागतं. तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी. ना चमत्कार, ना तलवारबाजी. पडद्यावर होतं ते गावागावात रोज घडणारं.

जाणकारांनी नावाजलं, पण प्रेक्षकांनी पाठ फिरवली. कारण समजायला अवघड नाही. घरात कर्जाचा घोर असताना तोच घोर तिकीट काढून कोण बघणार? चार घटका दुःख विसरायला माणूस थेटरात जायचा.

कंपनी चालवायची तर गल्ला हवाच. बाबुराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांकडे वळले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनीही फार काळ टिकली नाही. बोलपटांचा जमाना आला.

तरी शेतकऱ्याची गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही. १९३६ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून. एकदा पडलेला विषय परत हातात घ्यायला काळीज लागतं.

१६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले. आज भारतीय सिनेमाचा इतिहास लिहिताना 'सावकारी पाश'चं नाव पहिल्या सामाजिक, वास्तववादी चित्रपटांत घ्यावंच लागतं. तिकीटबारीवर हरलेल्या त्या सिनेमात शेतकरी पहिल्यांदा नायक झाला होता. शेतीवर पोट असणाऱ्या आपल्या घरांनी तरी हे नाव विसरू नये.