जॉन बन्यन : वाचक आणि लेखक

यात्रेकरू ख्रिस्ती पाठीवर ओझे घेऊन नाशनगरातून निघाला, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शब्बाथ शाळेत ऐकली आहे. ती लिहिणारा जॉन बन्यन बारा वर्षे तुरुंगात होता, हेही आपण मुलांस सांगतो. परंतु हा मनुष्य काय वाचत असे, आणि लिहावयास बसला म्हणजे त्या वाचनाचे काय करीत असे, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्या मंडळीत नाटुकली, गोष्टी, कादंबरी लिहिणारे तरुण आहेत. दुसऱ्यांची पुस्तके वाचली तर आपले लिखाण उसने होईल, अशी भीती त्यांतल्या काहींस वाटते. त्यांच्यासाठी हे चरित्र आम्ही या बाजूने सांगत आहो.

बन्यनचा जन्म इंग्लंडात बेडफर्ड शहराजवळच्या एल्स्टो गावी झाला. 1628 च्या नोव्हेंबरात त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. बाप फुटकी भांडी दुरुस्त करी, आणि तोच धंदा मुलाने उचलला. शाळा थोडी झाली. लिहिणेवाचणे शिकला, पण त्यातलेही बरेचसे लवकरच विसरला, असे त्याने स्वतःच कबूल केले आहे. त्या वयात त्याला आवड होती ती बाजारात मिळणाऱ्या स्वस्त चोपड्यांची. वीरांच्या, राक्षसांच्या व अजगरांच्या त्या गोष्टींपुढे पवित्र शास्त्र त्याला नीरस वाटे. पुढे या आवडीबद्दल त्याने पश्चात्ताप केला.

सोळाव्या वर्षी आई गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत बहीण गेली. त्याच वर्षी तो सैन्यात शिरला. परत आल्यावर 1649 च्या सुमारास त्याचे लग्न झाले. संसारात ताटली नव्हती की चमचा नव्हता. बायकोने माहेरून दोनच पुस्तके आणली होती. एक आर्थर डेंटचे, साध्या माणसाला स्वर्गाची वाट दाखविणारे. दुसरे लुइस बेली याचे, भक्तीच्या आचरणावरचे. नवराबायको ती मिळून वाचीत. विसरलेले वाचन त्या गरीब घरात पुन्हा सुरू झाले.

पुढे कित्येक वर्षे पापाच्या जाणिवेने त्याचे मन तळमळत होते. आपल्यासारखे दुसऱ्या कोणी भोगले आहे काय, हे एखाद्या जुन्या काळच्या माणसाच्या लेखणीतून कळावे अशी त्याची इच्छा होती. तेव्हा गलतीकरांस पत्रावरचे लूथरचे विवरण त्याच्या हाती आले. प्रत इतकी जीर्ण की पान उलटताना फाटेल की काय अशी धास्ती. पण वाचू लागला तो आपल्याच अंतःकरणातले कोणी लिहून ठेवले आहे असे त्याला वाटले. पवित्र शास्त्राखालोखाल तो याच पुस्तकाला मान देई.

1660 च्या नोव्हेंबरात, परवान्यावाचून उपदेश केला म्हणून, त्याला धरले. उपदेश सोडतो असे कबूल केले असते तर सुटका झाली असती. त्याने ते केले नाही. घरी चार मुले होती, थोरली मेरी आंधळी होती. पहिली पत्नी वारली होती. दुसरी, एलिझाबेथ, न्यायाधीशांपुढे उभी राहून पतीसाठी बोलली, पण उपयोग झाला नाही. तुरुंगात तो नाड्यांना धातूची टोके बसवून घरखर्चाला हातभार लावी. जवळ पुस्तके मुख्यतः दोन : पवित्र शास्त्र, आणि जॉन फॉक्स याचा हुतात्म्यांचा ग्रंथ.

‘यात्रेकरूचा प्रवास’ कसा जन्मला हे त्याने पुस्तकाच्या आरंभी पद्यात सांगितले आहे. तो दुसरेच पुस्तक लिहीत होता, पवित्र जनांच्या मार्गाविषयीचे. लिहिता लिहिता रूपके सुचू लागली. वीस लिहावीत तो आणखी वीस उभी राहत. ती हातातले पुस्तक गिळून टाकतील म्हणून त्याने ती वेगळी काढली. मग मित्रांस ही कथा दाखविली. काही म्हणाले छाप, काही म्हणाले छापू नको. अखेर 1678 मध्ये त्याने ती छापली.

पुस्तक झपाट्याने खपले, आणि कुजबुज सुरू झाली : भांडी सांधणाऱ्याला हे कसे सुचेल? हे दुसऱ्या कोणाचे असले पाहिजे. ज्याने खोटे बोलून सुटका करून घेण्यापेक्षा बारा वर्षे तुरुंग पत्करला, त्याच्यावर चोरीचा आळ! 1682 मध्ये ‘पवित्र युद्ध’ छापताना त्याने उत्तर दिले. कथा आपल्याच अंतःकरणातून उतरली, आशय आपला, मांडणी आपली, आणि लिहून होईपर्यंत ती कोणाला ठाऊक नव्हती, असे त्याने सांगितले. गंमत अशी की त्याच साली दुसऱ्याच एकाने त्याच्या कथेचा दुसरा भाग म्हणून पुस्तक काढले. बन्यनने आपला खरा दुसरा भाग 1684 मध्ये दिला.

मग त्याच्या वाचनाचे काय? शोधणाऱ्याला खुणा सापडतात. निराशा राक्षस व त्याचा किल्ला यांत पोरवयातल्या चोपड्यांचा वास आहे. व्यर्थतेच्या बाजारात विश्वासूची चौकशी होऊन त्याला जाळतात, तेथे फॉक्सचे हुतात्मे आठवतात. डेंटचे पुस्तक चार माणसांच्या संवादाचे होते. बन्यनचे 1680 चे ‘श्री. दुर्जन’ हेही संवादातच आहे. त्या पुस्तकात सॅम्युएल क्लार्क याच्या संग्रहातले दाखले त्याने घेतले, तेव्हा ते कोठून घेतले हे सांगितले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्याने लिहिले की लेखनासाठी आपले ग्रंथालय म्हणजे पवित्र शास्त्र व त्याची शब्दसूची, एवढेच.

यात आम्हांस लबाडी दिसत नाही. जे वाचले ते त्याने वर्षानुवर्षे मनात मुरू दिले, भोगलेल्या दुःखाशी ताडून पाहिले. लिहिताना दुसऱ्याचे पान उघडे ठेवून उतरले नाही. दाखला म्हणून जे जसेच्या तसे घेतले, त्याचे ऋण सांगितले. जेवलेल्या अन्नाचे रक्त झाले म्हणून ते रक्त दुसऱ्याचे ठरत नाही.

1688 च्या ऑगस्टात, एका बापलेकाचा तंटा मिटवून पावसात भिजत तो लंडनला आला आणि तापाने वारला. बनहिल फील्ड्स येथे त्याची कबर आहे.

हरि केशवजी यांनी ही कथा 1841 मध्ये ‘यात्रिक्रमण’ या नावाने मराठीत आणली. सोळा वर्षांनी बेळगावच्या बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ निघाले, ज्याला पुष्कळ जण मराठीतली पहिली कादंबरी मानतात. तेव्हा लिहिणाऱ्या तरुणांनो, कपाट बंद करू नका. पोटभर वाचा. लिहावयास बसाल तेव्हा मात्र ती पुस्तके मिटून ठेवा, आणि कोणाचे शब्द घेतलेच तर त्याचे नाव लिहावयास लाजू नका.