दादासाहेब मावळंकर

गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास एका मराठी कुटुंबात झाला. अहमदाबादेस वकिली करीत असता ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि १९५२ साली लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले.

प्रश्न अवघड निघाला की चौकशीचे आश्वासन देऊन मंत्री खाली बसत. पुढे त्या शब्दाचे काय झाले, हे कोणी पाहावे? एकटादुकटा सभासद किती ध्यानात ठेवणार! म्हणून १९५३ साली शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली. दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे झाले की नाही, हे ती तपासते, विलंबाचा जाब विचारते आणि सभागृहास अहवाल देते. मंत्र्याला मात्र तिचे सभासद होता येत नाही.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, अध्यक्षपदी असतानाच, दादासाहेब निवर्तले.